गाडी बदलायची जागा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रेल्वेवर बोला, असं कमिटीनं सांगितलं तेव्हा मी विचारलं, रेल्वेवर म्हणजे नेमकं कशावर? सेक्रेटरी म्हणाले, "काका, वंदे भारत, बुलेट ट्रेन, जे काय नवीन चाललंय त्यावर. म्हणजे पोरं पण बसतील ऐकायला." पोरं बसलेली दिसताहेत, मागच्या दोन रांगा मोबाइलच्या उजेडात आहेत, पण बसली आहेत. तेव्हा वेगाच्या गाड्यांवर मी बोलणारच. मात्र मी रेल्वेत ३४ वर्षं काढली ती बहुतेक लहान स्टेशनांवर, जिथून वेगाची गाडी नुसती धूळ उडवत निघून जायची. त्यामुळे माझी नजर जरा तिरकी आहे. वेगाची गाडी किती वेगाची, यापेक्षा तिच्यापर्यंत माणूस पोचतो कसा, हा माझा विषय. आजच्या भाषणाला नाव द्यायचंच तर 'गाडी बदलायची जागा' असं द्या.

आपलं जळगाव हीच अशी एक जागा आहे. नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून मनमाड, चाळीसगाव, पाचोरा करत येणारी मध्य रेल्वेची लाइन नैर्ऋत्येकडून येते. सुरतहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत येणारी पश्चिम रेल्वेची ताप्ती लाइन पश्चिमेकडून येते. दोन्ही इथे मिळतात आणि एकत्र भुसावळकडे जातात. दोन ओढे मिळून नदी व्हावी तसं. म्हणूनच सुरतची गाडी भुसावळला सरळ जाते. पण सुरतहून चाळीसगावला जायचं असेल तर जळगावला उतरून दुसऱ्या गाडीत बसावं लागतं. जंक्शन या शब्दाचा अर्थ पाटीवर लिहिलेला असतो, पण तो कळतो बॅगा घेऊन जिना चढताना.

आता १० ऑगस्ट २०२५ पासून पुणे–अजनी वंदे भारत सुरू झाली आणि ती जळगावला थांबते. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी सव्वाशे फोटो आले होते. आनंद साहजिक आहे. आपल्या पंचवीस वर्षांत या इमारतींतली किती मुलं पुण्याला गेली, ते मोजायला दोन हातांची बोटं पुरणार नाहीत. आजवर पुणे म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स, नाहीतर महाराष्ट्र एक्सप्रेस. आता दिवसाउजेडी बसून जाता येतं.

पण आकडे बघू. ८८१ किलोमीटर, १२ तास. भागाकार करा, ताशी ७३ येतात. ही गाडी ताशी १६० नं धावू शकते, पण रूळ, वळणं, पुढची मालगाडी, मनमाड आणि दौंडचा वळसा, हे सगळं मिळून ७३. हा टोमणा नाही. आपल्याकडच्या गर्दीच्या लाइनवर ही सरासरी चांगलीच आहे. मला दाखवायचंय ते वेगळं. या गाडीचा वेळ मुख्यतः वाचतो तो ती कमी ठिकाणी थांबते म्हणून. आपल्या बाजूला बघा: भुसावळ, जळगाव, मग एकदम मनमाड. सुरुवातीच्या वेळापत्रकात पाचोरा नाही, चाळीसगाव नाही. वेगाच्या गाडीचा हा स्वभावच आहे, त्याला इलाज नाही. ती सगळीकडे थांबली तर ती पॅसेंजरच झाली! पण मग पाचोऱ्याच्या, चाळीसगावच्या, धुळ्याच्या माणसाला तिच्यापर्यंत आणून सोडणारी दुसरी गाडी हवी, आणि त्या दोन गाड्यांची वेळ जुळायला हवी. मोठी गाडी जितकी वेगवान, तितकं लहान गाडीवर अवलंबून राहणं जास्त. हे गणित आपण फोटो काढताना विसरतो.

मी मूळचा धुळ्याचा. तुमच्यातले बरेच जण मला जळगावकर समजतात, पण माझं बालपण धुळ्याचं, आणि धुळेकराला गाडी बदलण्याचं दुःख जन्मजात असतं. का, ते जरा इतिहासात जाऊन सांगतो.

मुंबई–ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली हे पोरांनाही पाठ असेल. त्यानंतर जी.आय.पी. रेल्वेचे रूळ घाट चढून खानदेशात आले ते १८६० च्या दशकात. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं होतं धुळे. कलेक्टर धुळ्याला, कोर्ट धुळ्याला, बाजार धुळ्याला. जळगाव त्यामानानं लहान. पण इंजिनीअर लोक कलेक्टरचा बंगला बघून रूळ टाकत नाहीत, ते चढ-उतार आणि खर्च बघतात. लाइन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी गेली आणि धुळे बाजूला राहिलं. नेमक्या त्याच सुमारास, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस बंद, इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा. खानदेशची कपाशी ज्या स्टेशनवर चढायची त्या स्टेशनभोवती गाव वाढलं. ते गाव जळगाव. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खानदेशाचं ठाणं म्हणून जळगावशिवाय दुसरं नाव पुढे येण्याचं कारणच नव्हतं. चाळीसेक वर्षांत रुळांनी एक गाव वर काढलं होतं.

धुळ्याला रेल्वे मिळाली ती १९०० साली, चाळीसगावहून निघालेली ५६ किलोमीटरची शाखा. योगायोग बघा, ताप्ती लाइनही अमळनेरवरून जळगावला येऊन मिळाली ती त्याच काळात. पण धुळ्याच्या वाट्याला आली ती शेपूट. धुळे स्टेशन म्हणजे रुळाचं टोक. पुढे काही नाही. गाडी येते, उभी राहते आणि आली तशी परत जाते. धुळ्यानं मग रस्त्याचा आसरा घेतला. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यातून जातात, त्यामुळे ट्रक आणि एस.टी. हीच धुळ्याची खरी रेल्वे. आजही धुळे ते जळगाव रस्त्यानं नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर आणि रुळानं, चाळीसगावला वळसा घालून, जवळजवळ दीडशे. कोण जाईल सांगा.

तरी त्या शाखेवर माणसं होती आणि आहेत. स्टेशनांची नावं मला अजून एका दमात म्हणता येतात: चाळीसगाव, भोरस, जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर, मोहाडी, धुळे. आमच्या लहानपणी मोहाडीच्या बाजूनं शिट्टी आली की गल्लीतली आजी अहिराणीत विचारायची, "गाडी उनी का रे?" गाडी येण्याची वेळ घड्याळात कुणी बघत नसे. पुढे मुंबईसाठी धुळ्याचे काही डबे चाळीसगावला नेऊन मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीला जोडायची सोय झाली. मध्यरात्री डब्याला तो धक्का बसायचा, कपलिंगचा. झोपलेली माणसं त्या धक्क्यानं जागी व्हायची आणि कूस बदलून पुन्हा झोपायची. आईबाप सांगायचे, लागला डबा. माणसाला हलावं न लागता डबाच गाडी बदलतो, याहून चांगली सोय मी आजवर पाहिली नाही. नंतर ती पद्धत देशभर मागे पडली, कारण डबे काढ-घाल करण्यात वेळ आणि माणसं लागतात. आता धुळ्याहून मुंबईला थेट गाडी आहे, २०२३ पासून. ती मिळायला १९०० पासून किती वर्षं लागली ते तुम्हीच मोजा.

आता माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो, कारण मुद्दा तिथे आहे. स्टेशनचं नाव सांगत नाही. मुख्य लाइनवरचं एक जंक्शन, तिथून एक शाखा निघते, आणि त्या शाखेची रात्रीची शेवटची पॅसेंजर सुटायची वेळ झालेली. मी ड्यूटीवर स्टेशन मास्तर. मुख्य लाइनची गाडी २५ मिनिटं लेट. मागच्या स्टेशनच्या मास्तरांचा फोन आला: "या गाडीत एक वऱ्हाड आहे बरं का, ऐंशी माणसं, नवरा-नवरीसकट. तुमच्या पॅसेंजरला जायचंय त्यांना." मी कंट्रोलला फोन लावला. पॅसेंजर धरू का म्हणून विचारलं. कंट्रोलर चिडला. एकेरी लाइन, पुढच्या स्टेशनवर समोरून मालगाडी येऊन उभी राहणार, दोघांचं क्रॉसिंग तिथेच. पॅसेंजर थांबली की मालगाडी थांबणार, मालगाडी थांबली की तिच्या ड्रायव्हरची ड्यूटी संपणार. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मी म्हटलं, साहेब, पॅसेंजर वेळेवर सोडली तर तुमच्या चार्टावर दोन गाड्या बरोबर दिसतील आणि माझ्या फलाटावर ऐंशी माणसं रात्रभर बसतील, त्यात एक नवरी. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "मालगाडी मी अलीकडच्याच स्टेशनला घेतो. तुम्ही धरा." वऱ्हाड आलं, धावतपळत बसलं, कुणीतरी माझ्या टेबलावर बुंदीचे लाडू ठेवून गेलं. सकाळी लेट रजिस्टरमध्ये पॅसेंजरच्या नावापुढे २८ मिनिटं आणि कारणाच्या रकान्यात एक वाक्य.

लाडू राहू द्या बाजूला. बघायचा आहे तो चार्ट. गाडी वेळेवर आहे की नाही, हे आपल्याकडे गाडीगणिक मोजलं जातं. मोठी गाडी इतकी लेट, लहान गाडी राइट टाइम. दोन गाड्यांमधला जो माणूस चुकला, त्याची नोंद करायला रकानाच नव्हता. लहान गाडी तीन मिनिटं आधी सुटून गेली तर तिचा हिशोब स्वच्छ, आणि माणूस फलाटावर सकाळपर्यंत. माझ्या पूर्ण नोकरीत मला हा रकाना कुठे दिसला नाही. जे मोजलं जात नाही त्याचा विचार कोण करणार? त्या रात्री ते जमलं, कारण मागच्या मास्तराला फोन करावासा वाटला आणि कंट्रोलर भला निघाला. पण भलेपणावर वेळापत्रक चालत नाही.

दुसरीकडे हे चालतं का? चालतं. स्वित्झर्लंड हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. त्यांनी १९८२ मध्ये देशभर असं वेळापत्रक लावलं की दर तासाला त्याच मिनिटाला गाडी. म्हणजे ८:०३ ला असेल तर ९:०३, १०:०३ लाही असणार. आणि मोठ्या जंक्शनला सगळ्या दिशांच्या गाड्या तासाच्या ठोक्याच्या जरा आधी येऊन उभ्या राहतात, माणसं फलाट ओलांडतात, आणि ठोका पडून गेल्यावर सगळ्या निघतात. पुढे १९८७ मध्ये जनमत घेऊन त्यांनी मोठा कार्यक्रम हाती घेतला. बर्न ते झुरिक गाडीला तासापेक्षा थोडा जास्त वेळ लागत होता, म्हणून दोन्ही ठिकाणची जोड चुकत होती. तर त्यांनी नवी लाइन बांधली आणि २००४ पासून तो प्रवास तासाच्या आत आणला. तासाच्या आत, बस. अर्ध्या तासात न्यायचा हट्ट नाही. जोड साधण्यापुरता वेग, एवढाच हिशोब. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे आधी वेग ठरतो आणि मग जोड देवावर सोडतात.

फ्रान्समधली उलटी गोष्ट ऐका. तिथे वेगवान टी.जी.व्ही. १९८१ पासून धावते. १९९० च्या दशकात पॅरिसच्या उत्तरेला नवी लाइन झाली, तेव्हा आमिएँ आणि सेंट-क्वेंटिन या दोन शहरांत ओढाताण झाली. शेवटी स्टेशन बांधलं ते दोन्हींच्या मधे, शेतात. जुनी रेल्वे तिथून जातच नाही. लोकांनी त्या स्टेशनला नाव ठेवलं, बीटाचं स्टेशन. कारण आजूबाजूला बीटाची शेती. गाडी ताशी ३०० किलोमीटरनं येते आणि उतरलेला माणूस बीटाकडे बघत मोटारीची वाट पाहतो. खानदेशात असं झालं तर आपण काय म्हणू? कपाशीचं स्टेशन म्हणू, नाहीतर केळीचं. (हशा)

हसू नका फार, कारण आता बुलेट ट्रेनकडे वळतो.

मुंबई–अहमदाबाद, ५०८ किलोमीटर, १२ स्टेशनं, ताशी ३२०. पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. आपल्याला वाटतं, आपला काय संबंध? आहे. खानदेशाला सगळ्यांत जवळचं बुलेट स्टेशन होणार सुरतचं. आणि सुरत आपल्याला परकं नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत जाऊन बघा, अर्धा बाजार अहिराणीत चालतो. या सोसायटीत असं एकही मजल्याचं घर नाही ज्याचा कुणी ना कुणी सुरतला नाही.

पण बुलेट ट्रेनचं सुरत स्टेशन जुन्या सुरत स्टेशनात नाही. ते अंत्रोलीला, शहराबाहेर आहे. आणि दुसरी गोष्ट, बुलेटचे रूळ १४३५ मिलिमीटरचे, आपले १६७६ चे. म्हणजे भुसावळहून निघालेला डबा त्या रुळावर कधीच चढू शकत नाही. आमच्या धुळ्याच्या डब्यासारखा धक्का देऊन जोडता येणार नाही. माणसाला उतरावंच लागणार. जपानातही असंच आहे. तिथले जुने रूळ अरुंद, १०६७ मिलिमीटर, म्हणून १९६४ मध्ये शिनकानसेन सुरू झाली ती वेगळ्या रुळांवर. शिन-ओसाका, शिन-योकोहामा अशी नवी स्टेशनं शहराच्या मध्यापासून दूर झाली. पण ती त्यांनी जुन्या लाइनला टेकवूनच बांधली, म्हणजे एका जिन्याच्या अंतरावर लोकल मिळते. शेतातल्या स्टेशनात आणि त्यांच्या स्टेशनात फरक आहे तो त्या एका जिन्याचा.

याचा फायदा कुणाला, हे नीट बघा. आपल्याला जळगावहून मुंबई सरळ ४२० किलोमीटर, सुरतला जाऊन वळसा घालायची गरज नाही. पण नंदुरबारकराचा विचार करा. त्याला मुंबईला रेल्वेनं जायचं तर सुरतवरूनच जावं लागतं. नंदुरबार ते सुरत सुमारे १६० किलोमीटर, पुढे सुरत–मुंबई साडेचार-पाच तास धरा. बुलेटनं तो दुसरा टप्पा साधारण दीड तासावर येईल. नंदुरबार, नवापूर, दोंडाईचा, शिंदखेडा, अक्कलकुव्याची, धडगावची माणसं, पेशंट घेऊन मुंबईला जाणारी, यांचे तीन तास वाचू शकतात. देशातल्या सगळ्यांत मागे राहिलेल्या जिल्ह्यांपैकी एकाला देशातली सगळ्यांत वेगवान गाडी उपयोगी पडू शकते. हे कागदावर. प्रत्यक्षात तो माणूस उधन्याला उतरला, पोतं-पिशव्या घेऊन रिक्षात बसला, सुरतच्या ट्रॅफिकमधून उलटा अंत्रोलीपर्यंत गेला, तिथे पुढच्या गाडीची वाट पाहत बसला, तर तीन तासांतले दोन तिथेच गेले आणि रिक्षाचे पैसे वेगळे. गंमत अशी की ताप्ती लाइन सुरतमध्ये शिरते ती पूर्वेकडूनच, बारडोली, चलथान करत, आणि अंत्रोलीही त्याच पूर्वेच्या बाजूला. चलथानला आपल्या गाड्या नीट थांबल्या आणि तिथून अंत्रोलीला वेळेवर बस लागली, तरी काम होईल. काही हजार कोटींचा पूल लागत नाही. एक थांबा, एक बस आणि दोन वेळापत्रकं समोरासमोर ठेवून बसणारा एक माणूस, एवढं लागतं. साबरमतीला बुलेट, मेट्रो आणि जुनी रेल्वे यांच्यासाठी मोठी जोड-इमारत उभी केली आहे. म्हणजे विचार होत नाही असं नाही. पण तो शहरवाल्यांचा आधी होतो. बाहेरून गाडीनं येणाऱ्याचा कुणीतरी आठवण करून दिल्यावर होतो.

(जाता जाता: नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. एकाच बाकावर बसलेली दोन माणसं दोन राज्यांत असू शकतात. दोन राज्यांची माणसं तिथे सुखानं बसतात. दोन रेल्वेंची वेळापत्रकंही जळगावला तशी बसायला हरकत नाही.)

मुंबई–नाशिक–नागपूर अशी आणखी एक वेगवान लाइन प्रस्तावात आहे. ती शिर्डी, संभाजीनगर, जालना अशी, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडून. खानदेशाला ती लागत नाही. मागे ग्रुपवर त्यावरून बरीच हळहळ झाली. मला तेवढं वाटलं नाही. १८६० मध्ये धुळ्यानंही अशीच हळहळ केली असेल.

उलट मला काळजी आहे ती घराजवळची. मनमाड–इंदूर या नव्या लाइनला २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्टेशनं, २०२८-२९ पर्यंत पूर्ण करायचं ठरलंय. मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर, सेंधवा करत. तीन-चार पिढ्यांची मागणी होती. त्यातला बोरविहीर ते नरडाणा हा सुमारे ५० किलोमीटरचा तुकडा आधी मंजूर झाला, त्याची पायाभरणी फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्यात झाली. त्याच कार्यक्रमात भुसावळ–बांद्रा खान्देश एक्सप्रेस सुरू झाली आणि ताप्ती लाइनच्या दुहेरीकरणाचं लोकार्पण झालं, हे अनेकांना आठवत असेल.

आता नाव पुन्हा ऐका. बोरविहीर ते नरडाणा. धुळे ते नरडाणा नाही. मघाशी मी स्टेशनांची नावं म्हटली ना, त्यात बोरविहीर धुळ्याच्या दोन स्टेशनं अलीकडे आहे. नवी लाइन तिथूनच फुटते. धुळे स्टेशन आहे तिथेच, रुळाच्या टोकाला. म्हणजे उद्या मुंबई–इंदूरची वेगाची गाडी धुळे जिल्ह्यातून जाईल, पेपरात 'धुळ्याला नवी गाडी' असं छापून येईल, आणि गाडी शहराच्या बाहेरूनच निघून जाण्याची पूर्ण शक्यता राहील. दीडशे वर्षांत दुसऱ्यांदा. रूळ टाकून झाल्यावर याचं काही करता येत नाही. आत्ता, काम चालू असताना, विचारता येतं: मोठ्या गाडीच्या माणसाला शहरात आणणारी मेमू बोरविहीरला किती मिनिटांत मिळेल? समोरच्याच फलाटावर मिळेल का? रात्री अकरानंतर मिळेल का?

तेच नरडाण्याचं. शिंदखेडा तालुक्यातलं हे लहान स्टेशन. आमच्या वेळी तिथे फलाटावर शेळ्या जास्त असायच्या. लाइन पूर्ण झाली की तिथे इंदूर–मनमाड आणि सुरत–भुसावळ या दोन लाइनी भेटणार. जळगावकराला इंदूरला जायचं तर गाडी बदलायची जागा नरडाणा. शिरपूरच्या माणसाला सुरतला जायचं तर नरडाणा. एका लहान गावाला जळगावसारखी संधी येते आहे. पण सुरतची गाडी पश्चिम रेल्वेच्या वेळेनं, इंदूरची तिच्या वेळेनं, आणि दोघींमध्ये साडेतीन तास, असं झालं तर तिथे गाव वाढणार नाही, चहाची एक टपरी वाढेल.

पाचोरा–जामनेरची आपली पी.जे. विसरू नका. शंभर वर्षं छोट्या रुळांवर चालली, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. आता मोठ्या रुळांचं काम आहे. ती पुन्हा सुरू होईल तेव्हा जामनेरच्या माणसाला पाचोऱ्यात उतरून जळगावची गाडी लगेच मिळाली तर तो येईल. नाहीतर त्यानं पाच वर्षांत मोटरसायकल घेतलीच आहे. जळगाव–मनमाड तिसरी लाइन होते आहे, चौथीही मंजूर झाली आहे. मालगाड्या बाजूला गेल्या की पॅसेंजरला जागा मिळेल, ही त्यातली मोठी गोष्ट. त्या मोकळ्या झालेल्या वेळात लहान गाड्या वाढतात की सगळ्या मालगाड्याच, यावर लक्ष ठेवायला हवं.

मी इथे एक कागद आणला आहे. राजकारणाचा नाही, घाबरू नका. चेअरमनसाहेबांची परवानगी घेतली आहे. त्यात चारच मागण्या आहेत. जळगावला वंदे भारत यायच्या आधी अर्ध्या ते पाऊण तासात अमळनेरकडून आणि चाळीसगावकडून एक-एक लोकल गाडी यावी. ती गाडी लेट असेल तर किती मिनिटं धरायचं, हे आधीच ठरलेलं असावं. कंट्रोलरच्या मनावर नसावं. बोरविहीर आणि नरडाण्याच्या फलाटांचे नकाशे लोकांना बघायला मिळावेत. आणि चुकलेल्या जोडगाड्यांची नोंद ठेवायला सुरुवात व्हावी. या चौथ्यावर माझा सगळ्यांत जास्त जीव आहे. डी.आर.एम. कार्यालय भुसावळला, आपल्यापासून २४ किलोमीटरवर. पश्चिम रेल्वेच्या भागासाठी वेगळा कागद मुंबईला जाईल. एकाच गावाच्या स्टेशनसाठी दोन ठिकाणी अर्ज, हेही जंक्शनचंच सुख.

प्रश्नांना वेळ आहे असं सेक्रेटरी खुणावताहेत.

(एका ज्येष्ठ भगिनींनी विचारले की, जळगाव स्टेशनवर एका फलाटावरून दुसऱ्यावर जाताना जिना चढवत नाही, त्याचे काय.)

ताई, तुम्ही विचारलंत ते मी बोललो त्या सगळ्याच्या आधीचं आहे. सरकत्या जिन्याबद्दल, लिफ्टबद्दल लोक बोलतात, ते हवंच. पण सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे जोडगाडी त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला घेणं. माणसानं फक्त समोर चालायचं. पुष्कळ वेळा ते शक्य असतं, कुणी मागितलेलं नसतं म्हणून होत नाही. कागदात पाचवी मागणी लिहून घेतो. सही करताना तुमची सही पहिली.

(शेवटच्या रांगेतील एका मुलाने विचारले की, वंदे भारत धुळ्याला कधी येणार.)

तू धुळ्याचा का? मामाचं गाव? बरं. कधी येईल ते मला सांगता येणार नाही. पण आज तुला धुळ्याहून पुण्याची वंदे भारत पकडायची असेल तर कसं जाशील, किती वाजता निघशील, कुठे किती वेळ थांबशील, हे घरी जाऊन कागदावर मांड. मोबाइलवर सगळी वेळापत्रकं मिळतात. मामाकडच्या प्रत्येक गाडीचं मांड आणि रविवारी माझ्याकडे आण, ए विंग, तळमजला. तो तक्ता आपण अर्जाला जोडू.